मुलाची वाढ अडलीय म्हणून गहू बंद करताय? आधी या चुका टाळा

चवथीच्या दुसऱ्या दिवशी माहेरी गेले होते. नेवऱ्यांचं (करंज्यांचं) ताट फिरत होतं आणि वहिनीने पाच वर्षांच्या भाच्याचा हात धरून त्याला मागे ओढलं. "त्याला गहू नको गो, दोन महिने झाले बंद केलाय. तुझ्या मुलीला सिलिअॅक आहे ना, मग ह्यालाही असणारच. पोट फुगायचं, उंचीही वाढेना." तपासणी केलीस का, विचारलं. "तपासणी कशाला? गहू बंद केल्यावर पोट बसलं की."

मी कपाळाला हात लावला. तीन वर्षांपूर्वी नेमकं हेच मी केलं होतं.

आधी पथ्य, मग तपासणी

माझ्या मुलीला सिलिअॅक आहे. गहू, बार्ली (जव) आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे केसाळ उंचवटे असतात, अन्न तिथून शोषलं जातं. ते झिजून सपाट होतात. मग ताटात काहीही वाढा, अंगी लागत नाही.

पहिली तपासणी रक्ताची, टीटीजी-आयजीए. पण ती मोजते त्या अँटीबॉडी, म्हणजे ग्लुटेन पोटात जात असताना शरीराने केलेली आरडाओरड. ग्लुटेन थांबवलं की ओरडणं हळूहळू थांबतं आणि आतडंही भरून येऊ लागतं. आम्ही एका नातलगाच्या सांगण्यावरून चार महिने चपाती-पाव बंद करून मग रक्त दिलं. रिपोर्ट नॉर्मल. घरात आनंद. मुलीचं वजन मात्र जागचं हललं नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता पुन्हा गहू सुरू करा. निदान सहा आठवडे, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की मुलगी दाराआड लपायची, कारण पोई (गव्हाच्या कोंड्याचा पाव) खाल्ली की तासाभरात पोट धरून बसायची. ते सहा आठवडे मी विसरणार नाही. त्यानंतरचा आकडा मात्र एवढा वर गेला की शंका राहिली नाही. पुढे दुर्बिणीतून आतड्याचे बारीक तुकडे घेऊन निदान पक्कं झालं. आजकाल काही मुलांत आकडा मर्यादेच्या दहापट किंवा वर असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए नावाची चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर दुर्बिणीशिवाय निदान करतात. तो निर्णय पोटविकाराच्या बालरोगतज्ज्ञाचा.

टीटीजीसोबत एकूण आयजीए, म्हणजे या गटातल्या सगळ्या अँटीबॉडी, हेही मोजायला सांगा. काही मुलांत आयजीए मुळातच कमी असतं, मग टीटीजी खोटंच नॉर्मल दिसतं. चिठ्ठीवर ती दुसरी ओळ आहे ना, हे लॅबमध्ये जाण्याआधी बघा.

"आम्ही भात खाणारे, आम्हाला कसा होईल?"

हे मला घरातूनच ऐकावं लागलं. गोव्यात जेवण भाताचं हे खरं. पण मुलाचा दिवस मोजा. सकाळी पातळभाजीबरोबर पाव, डब्यात चपाती, शाळेतून आल्यावर बिस्किटं, संध्याकाळी खारी, रात्री रव्यात घोळवून तळलेला बांगडा. भात एकदाच!

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या लोकांची तपासणी झाली. सिलिअॅक उत्तरेत सुमारे १.२ टक्के, दक्षिणेत ०.१ टक्के. पण या रोगाला लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती, फरक होता तो गव्हाच्या खाण्यात. म्हणजे आपल्यात तो कमी आहे, पण आपल्यात होतच नाही असं नाही.

गव्हावर संशय यायलाही फार काळ गेला. सॅम्युअल गी या इंग्रज डॉक्टरने १८८८ मध्ये या रोगाचं नीट वर्णन केलं, उपाय आहारातच असणार हेही लिहिलं, पण कुठलं धान्य ते कळलं नव्हतं. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हावर बोट ठेवलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार होती, पाव मिळत नव्हता, आणि सिलिअॅकची मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्याने प्रबंध लिहिला.

मूल नुसतं बघून ठरवणं

"आमच्या घराण्यात सगळीच बारकी." सासूबाईंचं हे वाक्य दोन वर्षं पुरलं. उंची आनुवंशिक असते, मान्य. पण २००६ चे जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते भारतासह सहा देशांतल्या नीट पोसलेल्या मुलांवरून बनले, भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. पहिल्या पाच वर्षांत सगळीकडची मुलं जवळजवळ सारखीच वाढत होती.

एकदा मोजलेली उंची फारशी काही सांगत नाही, रेघ सांगते. जन्मावेळी साधारण ५० सेंटिमीटर, एक वर्षाचं झाल्यावर ७५, चौथ्या वर्षी १०० च्या आसपास, पुढे वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा. वर्षाला चारच वाढत असेल किंवा कार्डावरची रेघ खालच्या रेघा ओलांडत उतरत असेल, तर डॉक्टरकडे जा, मूल कितीही खेळतं असलं तरी. अंगणवाडीच्या कार्डावरचे ठिपके जोडून बघा. आमच्या कार्डावर सात ठिपके होते, कुणी रेघच ओढली नव्हती. मीही नाही. मोजतानाही घोटाळे होतात: आंबाडा न सोडता, टाचा भिंतीला न लावता, दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवण्याऐवजी उभं करून.

प्रत्येक खुजं मूल सिलिअॅकचं नसतं

ही चूक माझ्यासारख्यांची. एकदा पोळलं की सगळीकडे ग्लुटेनच दिसतं. २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातली पाच वर्षांखालची साधारण २६ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. त्यातल्या बहुतेकांचं कारण साधं असतं: जन्मतः कमी वजन, सहा महिन्यांनंतरचं अपुरं वरचं अन्न, वारंवार जुलाब-ताप. थायरॉईड, क्षय, मुलींत टर्नर सिंड्रोम (जन्मजात गुणसूत्रदोष), हीही कारणं तपासावी लागतात.

वरच्या अन्नावरून आठवलं, पेजेची निवळ. बाळाला पेज द्यायची आपली पद्धत चांगलीच. पण वरचं पाणी बाळाला आणि खालची शितं मोठ्यांना, हा उलटा हिशोब. इवल्याशा पोटात पाणीच भरलं तर ताकद कुठून येणार? शितं कुस्करा, खोबरेल किंवा तूप घाला, डाळ घाला, काटे काढून मासा घाला. नाचणीचं सत्त्वही पळीवरून ओघळेल एवढं पातळ नको.

जंतांचं औषध वर्षातून दोनदा शाळा-अंगणवाडीत मिळतं, ते द्या. पण वाढ अडली की प्रत्येक वेळी "जंत झालेत" म्हणून गोळी देत राहणं म्हणजे वर्ष वाया घालवणं. दूध जास्त हेही एक दुखणं: दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध पिणारं मूल जेवत नाही आणि लोह कमी पडतं. जेवणाबरोबर चहा नकोच. लोहाचं औषध दोन-तीन महिने नीट घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल तर ती सिलिअॅकची शक्य खूण समजा. आमच्याकडे जुलाब नव्हतेच, होतं ते फक्त हे.

जुलाबात ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात घालू नका. सोबत झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. गोड पेयाच्या डब्यावर ओआरएस लिहिलेलं असलं म्हणून ते ओआरएस होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असं नाव लावण्यावर बंदी घातली.

नुसत्या स्वच्छतेने उंची वाढेल ही समजूतही फार भाबडी ठरली. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या मोठ्या प्रयोगांत संडास, हात धुणं, पाणी शुद्ध करणं यांनी उंचीत फरक पडला नाही. पूरक आहाराने थोडा पडला. हात मात्र धुवाच.

पथ्य चालू, पण आकडा उतरत नाही

निदान झालं, गहू बंद झाला. सहा महिन्यांनी टीटीजी जवळपास तिथेच. मी रडकुंडीला आले. मग आहारतज्ज्ञ बाईंनी घरातल्या वस्तूंची यादी करायला लावली, आणि तीन चोर सापडले.

पहिला, दुधातली "उंची वाढवणारी" पावडर. माल्ट म्हणजे बार्ली. उंचीसाठी जे घालत होते, तेच उंची अडवत होतं! दुसरा, हिंग. बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं, डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं. तिसरा, गिरण. तांदूळ आमचेच, नाचणी आमचीच, पण आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दगडात उरलेला. आता नाचणी आणि तांदूळ घरच्याच छोट्या चक्कीवर दळते. मासळी रव्याऐवजी तांदळाच्या पिठात घोळवते आणि तिच्यासाठी तेल वेगळं. आपल्याकडे ग्लुटेनमुक्त म्हणायला किलोत ग्लुटेन २० मिलिग्रॅमच्या वर नसावं लागतं, त्यामुळे "थोडंसंच तर आहे" इथे चालत नाही. देवळातला शिरा हा सगळ्यात नाजूक प्रश्न. भटजींच्या हातून मी घेते, तिला खडीसाखर मिळते.

नऊ महिन्यांनी आकडा उतरला. पुढच्या वर्षात ती सात सेंटिमीटर वाढली.

आमच्या थोरल्याचीही तपासणी केली, कारण सख्ख्या भावंडांत धोका बराच जास्त. निगेटिव्ह आली, काही वर्षांनी पुन्हा करायची आहे. वहिनीला डॉक्टरांशी बोलायला लावलं. परवा तिचा फोन आला: भाचा सकाळ-संध्याकाळ पोई खातोय, पोट पुन्हा फुगतंय आणि ती माझ्यावर चिडली आहे. रक्त द्यायला अजून तीन आठवडे आहेत.