आधी भाड्याने, मग विकत: असा करार करताना दोघांचे हक्क कसे सांभाळायचे

आधी भाड्याने राहायचं आणि ठरलेल्या मुदतीत तेच घर विकत घ्यायचं, असा करार करताय? मग सगळ्यात आधी हे बघा की शेवटी घर घेणं तुमच्या मर्जीवर आहे का बंधनकारक. दोन्ही करार दिसायला सारखेच असतात. मर्जीवर असेल आणि नाही घेतलं तर सुरुवातीला दिलेली ऑप्शन फी, म्हणजे पुढे घर विकत घेण्याच्या हक्कासाठी मालकाला दिलेली रक्कम, जाते, ती साधारण किमतीच्या 1 ते 5 टक्के असते आणि बहुतेक वेळा परत मिळत नाही, पण बंधनकारक असेल आणि ऐनवेळी लोन पास झालं नाही तर मालक करार मोडल्याचा दावा लावू शकतो, म्हणून लोन नाकारलं गेलं तर काय होणार हे कलम आधीच घालून घ्या.

खरेदीखत होईपर्यंत घर मालकाचंच असतं. त्याचं कर्ज चालू असेल आणि त्याने हप्ते थकवले तर तुम्ही भाडं कितीही वेळेवर भरा, बँक घर जप्त करू शकते आणि तुमचे पैसे अडकतात. मला सगळ्यात जास्त भीती ह्याचीच वाटते. तेव्हा वकिलाकडून घरावरचा बोजा तपासून घ्या, करार रजिस्टर करा, आणि मालकाने हप्ता चुकवला तर तो तुम्ही थेट बँकेत भरून भाड्यातून वजा कराल असं लिहून घ्या.

भाड्यातला काही भाग किमतीत धरला जातो तिथे बारीक अक्षरात बघा. "भाडे मुदतीत न आल्यास त्या महिन्याची रक्कम किमतीत धरली जाणार नाही" अशी ओळ असते, काही करारांत तर एकदा उशीर झाला की आधीचं जमा झालेलं सगळंच जातं, म्हणजे 35 महिने नीट भरून 36व्याला 2 दिवस उशीर झाला तरी खेळ खलास! ही ओळ काढायला लावा, नाहीतर थोडे सवलतीचे दिवस तरी मागा. दर महिन्याला किती जमा झालं ते पावतीवर हवंच.

दुरुस्तीचा खर्च सरसकट भाडेकरूवर टाकतात ते मला पटत नाही. नळ, बल्ब ठीक आहे, पण छप्पर गळतंय, भिंतीला तडे गेलेत तर तो मालकाचा खर्च, आणि सहीआधी घराची तपासणी करून घ्याच.

आता मालकांसाठी. भाडं थकलं तर नोटीस देऊन कायदेशीर मार्गाने ताबा मागता येतो, आधी कळवून घर बघायला जाता येतं, परवानगीशिवाय तोडफोड करू नका असं सांगता येतं. पण कुलूप बदलणं, पाणी-वीज तोडणं बहुतेक ठिकाणी बेकायदेशीर आहे, आणि मुदतीच्या आत घर तिसऱ्यालाच विकलं तर करारभंग होतो. मालक मधेच वारला तर करार वारसांवर बंधनकारक राहील हेही लिहा.

आणि घर घ्यायचं ठरलं की फोनवर सांगून भागत नाही, मुदतीच्या आत लेखी कळवा आणि पोच घेऊन ठेवा, तारीख उलटली की हक्क जातो.