ब्रेकचा लाल दिवा मधूनच लागतो आणि विझतो? दोष असा शोधा

सतत पेटलेला दिवा एक वेळ परवडला. मधूनच लागणारा दिवा मेकॅनिकसमोर गाडी उभी केली की हमखास विझलेला असतो. त्यामुळे निम्मं निदान गाडी चालवणाऱ्यालाच करावं लागतं, आणि त्याची सुरुवात दिवा नेमका कधी लागतो हे टिपून ठेवण्यापासून होते.

त्याआधी एक अट. दिवा लागताना पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल, मऊ लागत असेल किंवा ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल, तर शोधाशोध करत बसू नका. गाडी बाजूला घ्या आणि उचलून न्यायची सोय करा. लाल दिव्याबरोबर एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवाही लागत असेल, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा बंद पडलेली असू शकते. अशा वेळी जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू शकते.

वेळ टिपा

बहुतेक गाड्यांत हा एकच दिवा दोन स्विचवर चालतो. एक हँडब्रेकच्या लिव्हरखाली असतो आणि दुसरा ब्रेक ऑईलच्या टाकीत. कुठला स्विच बोलतोय, ते वेळेवरून कळतं.

वळणावर, चढ-उतारावर किंवा ब्रेक मारताना दिवा लागला, तर टाकीतलं ऑईल कमी आहे; ते हिंदकळलं की फ्लोट (टाकीतल्या स्विचचा ऑईलवर तरंगणारा तुकडा) क्षणभर खाली जातो. पहाटेच्या थंडीत लागून गाडी तापल्यावर विझत असेल तरी संशय ऑईलवरच, कारण थंडीत ते किंचित आकसतं आणि काठावर असलेली पातळी खाली सरकते. खड्ड्यात किंवा गतिरोधकावर लुकलुकत असेल तर आधी हँडब्रेकचा स्विच बघा. पावसात किंवा गाडी धुतल्यानंतर लागत असेल तर कनेक्टरमध्ये, म्हणजे वायरच्या जोडणीत, पाणी किंवा गंज आहे.

हँडब्रेकचा स्विच

गाडी सपाट जागी, चाकांना अडण लावून उभी करा. दिवा लागलेला असताना लिव्हर तळाशी घट्ट दाबा. विझला तर दोष सापडलाच म्हणा. लिव्हर पूर्ण खाली गेला की स्विचचं छोटं बटण दाबलं जाऊन सर्किट तुटतं. बटणाची स्प्रिंग थकली, त्यात सांडलेलं सरबत वाळून चिकटलं किंवा पट्टी वाकली, की जराशा धक्क्यानेही संपर्क जुळतो. कव्हर काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पट्टी सरळ करा. तरी नाही जमलं तर स्विच बदला.

लिव्हर मुळात पूर्ण खालीच जात नसेल तर केबल अडकली असेल किंवा जास्त ताणलेली असेल. मग ब्रेक अर्धवट लागलेले राहतात. थोडं अंतर चालवून मागच्या चाकांजवळ हात न्या, स्पर्श करू नका. एक बाजू जास्त तापलेली जाणवली तर केबल आधी बघा.

लिव्हरऐवजी बटणाचा हँडब्रेक असेल आणि दिवा ठरावीक लयीत लुकलुकत असेल, तर ती त्या यंत्रणेची स्वतःची तक्रार असते. तिथे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावावाच लागतो.

टाकी, आणि ओतण्याची घाई

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. पातळी ‘मिन’च्या (किमान पातळीची खूण) जवळ दिसली की लोक बाटली उघडतात, दिवा विझतो आणि ऑईल गेलं कुठे हा प्रश्न तसाच राहतो. ब्रेकची यंत्रणा बंद असते. इंजिन ऑईलसारखं इथे काही जळत नाही.

पातळी उतरायची दोनच कारणं. पॅड झिजले की कॅलिपरचा (पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागची जागा भरायला टाकीतलं ऑईल जातं. हे नैसर्गिक आहे. म्हणून आधी चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पॅड बघा. धातूची पट्टी सोडून घर्षणाचा थर ३ मिमी किंवा कमी उरला असेल तर पॅड बदला. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला असू शकतो, तोही तपासा. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला की ऑईल परत टाकीत येतं. आधीच वर ओतून ठेवलं असेल तर ते उतू जाऊन रंग खराब करतं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता.

पॅड आणि मागचे शू (ड्रम ब्रेकमधले पॅडसारखे भाग) जाड असूनही पातळी उतरत असेल, तर गळती आहे. टाकीवर आत्ताच्या पातळीला चिकटपट्टीची खूण करा आणि काही दिवस त्याच सपाट जागी, इंजिन थंड असताना बघत राहा. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल, रबरी होजवरच्या भेगा, ब्लीडर स्क्रूभोवती (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) चिकटलेली धूळ, सगळं तपासा. बाहेर कुठेच थेंब नसेल तर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑईलला दाब देणारा भाग) मागच्या सीलमधून ऑईल बूस्टरमध्ये (पेडलचा जोर वाढवणारा डबा) झिरपत असण्याची शक्यता असते. अनेक गाड्यांत क्लचही याच टाकीतून ऑईल घेतो, तोही विसरू नका.

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, मग अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकलं तर बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरची आतली सीलं गेली आहेत.

भरायचं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचंच. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ग्लायकॉलवर आधारित असतात, तर डॉट ५ सिलिकॉनचं. ते यांत मिसळू नका. उघडून पडलेली जुनी बाटली वापरू नका, हे ऑईल हवेतला ओलावा शोषतं.

पातळी बरोबर, तरी दिवा

टाकीच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. दिवा विझला तर फ्लोट अडकतोय. कधी फ्लोटमध्येच ऑईल शिरून तो जड होतो आणि टाकी भरलेली असूनही बुडतो. नंतर टाकीच्या स्विचचा (सेन्सरचा) कनेक्टर काढा. बऱ्याच गाड्यांत त्याने दिवा विझतो, म्हणजे दोष सेन्सरमध्ये. विझला नाही तर हँडब्रेकच्या बाजूला किंवा वायरमध्ये. काही गाड्यांत उलटं असतं, कनेक्टर काढल्यावरच दिवा लागतो, म्हणून त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा बघा. पिनांवर हिरवट गंज असेल तर साफ करा.

एबीएसचा दिवाही सोबत असेल तर स्कॅनर लावून कोड वाचा. त्याआधी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा, साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवे. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर अधूनमधून कमी पडला तरी असे दिवे एकत्र चमकतात.

काम झाल्यावर फक्त दिवा विझला म्हणून थांबू नका. झाकणाला फ्लोट जोडलेला असेल तर चावी चालू ठेवून, भोवतालची धूळ पुसून झाकण वर उचला. फ्लोट खाली लोंबला की दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर सेन्सर अजून बिघडलेलाच आहे.