गरोदरपण आणि बाळाच्या वाढीवरच्या संशोधनात यायचंय? आधी तारीख विचारायला शिका

पोषणशास्त्रात एम.एस्सी. करून मी गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांच्या वाढीवरच्या एका अभ्यासात फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून लागले. काम पुणे जिल्ह्यातल्या गावांत होतं. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं-मुली मला लॅबबद्दल विचारतात: मशिनं कुठली, टेस्ट कुठल्या, पेपर कधी निघतो. मी मात्र त्यांना पाळीच्या तारखेबद्दल सांगू लागते.

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, फॉर्मवरचं एलएमपी. जन्माला अडीच किलोंचं असलेलं बाळ लवकर आलं म्हणून लहान, की पुरे दिवस भरूनही पोटात वाढलं नाही म्हणून लहान? दोन्हींची कारणं वेगळी आणि पुढची वाटही वेगळी. हा फरक त्या एका तारखेवर ठरतो. गावात ती तारीख आकड्यात क्वचितच मिळते. 'आखाडाच्या जत्रंनंतर', 'कांदा काढायला घेतला तेव्हा', 'भावाच्या लग्नाच्या आठवड्यात' अशी मिळते, आणि नीट विचारलं तर ती बरोबरही असते. चूक आपल्या लिहिण्यात होते.

माझ्याकडून ती झाली. 2023 साली अधिक श्रावण होता. दिवाळीनंतर नाव नोंदवलेली एक ताई म्हणाली, "श्रावण लागल्यावर दोन-तीन दिवसांनी आली होती." मी कॅलेंडर पाहिलं, श्रावण 18 जुलैला लागलेला दिसला आणि 20 जुलै लिहून टाकलं. माझ्या हिशेबाने तिला सोळा आठवडे पूर्ण झाले होते. सोनोग्राफीत गर्भ भरला बारा आठवड्यांचा. रिपोर्ट घेऊन ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "माझ्या बाळाची वाढ थांबली का?" एवढंच तिने विचारलं. मी पुन्हा तिच्या शेजारी बसले आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. शेवटी ती म्हणाली, "नागपंचमीला मला अडचण होती ना, म्हणून वारुळाला गेले नव्हते." नागपंचमी निज श्रावणात, 21 ऑगस्टला होती. बाळ अगदी ठीक होतं. महिना माझा चुकला होता आणि त्यापायी एका बाईने अर्धा दिवस जीव मुठीत धरून काढला. तेव्हापासून मी तारीख कधीच एका खुणेवर लिहीत नाही. दोन खुणा जुळल्या तरच लिहिते, आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी शक्यतो चुकवत नाही, कारण गर्भाचं वय तिच्यातच सर्वांत नेमकं कळतं.

सोनोग्राफीवरून एक गोष्ट पहिल्याच दिवशी पक्की करा. मुलगा की मुलगी हे सासू विचारेल, नवरा विचारेल, कोणी लाडीगोडी लावेल. 1994 च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे. त्या प्रश्नावर हसण्यावारी नेणारं उत्तरही देऊ नका.

आता मोजमाप. मुंबईच्या वस्त्यांमध्ये 2006 पासून एक मोठी चाचणी झाली. त्यात बायकांना दिवस जाण्याच्या आधीपासूनच पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला रोजचा खाऊ दिला होता. ज्यांनी किमान तीन महिने आधी तो सुरू केला होता, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरलं. अठ्ठेचाळीस ग्रॅम! तुमचा काटा पन्नास ग्रॅमने सरकलेला असेल तर तेवढ्या बायकांची मेहनत त्यात बुडते. म्हणून रोज सकाळी घरातून निघण्याआधी माहीत असलेलं वजन ठेवून काटा तपासायचा. पाऊस असो, एसटी चुकत असो, तपासायचाच.

लांबीचंही तसंच. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजतात, दोघांनी मिळून: एक डोकं धरतो, दुसरा गुडघे सरळ करून पाय टेकवतो. त्याच मुलाला उभं करून मोजलं तर सुमारे 0.7 सेंटिमीटर कमी भरतं. कुठल्या वयाला कसं मोजलं हे लिहिलं नसेल तर आलेखावर मूल उगाचच खुरटलेलं दिसतं.

त्वचेच्या घडीची जाडी मोजणारा कॅलिपर मला सुरुवातीला क्षुल्लक वाटायचा. मग पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाचं काम वाचलं. 1993 मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोंची, तर तुलनेला घेतलेली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटाचा घेरही कमी होता, पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी जवळपास तेवढीच होती. बारीक दिसणारं आणि तरी चरबी राखणारं बाळ. आपल्याकडे पुढे मधुमेह इतका का होतो, या प्रश्नाला त्यातून नवी दिशा मिळाली. ती दिशा दाखवली त्या कॅलिपरने, आणि तो हातात धरणाऱ्या माणसांनी.

बाळ जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत मोजायचं असतं, आणि पहिलं बाळंतपण तर माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की बाई दुसऱ्या तालुक्यात! पुस्तकात हा मुद्दा सापडणार नाही. पाचव्या महिन्यातच माहेरचं गाव, भावाचा नंबर आणि तिथल्या आशाताईंचा नंबर लिहून घ्या. बाळंतिणीच्या खोलीत आजीच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. 'मोजलं की बाळ खंगतं' असं ती म्हणाली तर वाद घालू नका. बाळ दूध पिऊन शांत झाल्यावर मोजा आणि तीट लावायला आजीलाच पुढे करा.

संमतिपत्र सासूसमोर उंबऱ्यावर उरकू नका. आधीचा गर्भपात, पडलेलं मूल हे काही बायकांनी घरातही सांगितलेलं नसतं. ते एकांतात विचारा. लिहिता येत नसेल तर वाचून दाखवा, अंगठा साक्षीदारासमोर घ्या. ती नको म्हणाली तर पुन्हा तिच्या दारात त्यासाठी जाऊ नका.

नोकरीचं थोडक्यात सांगते. एमबीबीएस नसलं तरी इथे जागा आहे: पोषण, नर्सिंग, जीवशास्त्र, संख्याशास्त्र. पीएच.डी. करायची तर आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) किंवा सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) यांची जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळवा. मुंबईत परळला प्रजनन आणि बालआरोग्य संशोधनाची आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे. प्रकल्पातल्या जागा बहुतेक कंत्राटी असतात, निधी संपला की संपतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. संख्याशास्त्र मात्र स्वतः शिका, दुसऱ्यावर सोडू नका.

आणि पंचांग जवळ ठेवा. 2026 मध्ये ज्येष्ठ दोनदा येतो. कोणी 'जेठात' म्हणाली, तर वटपौर्णिमेच्या किती आधी किंवा किती नंतर, हे विचारा आणि मगच तारीख लिहा.