बर्फाळ मुलखात कोंबड्या: पहिल्या हिवाळ्याआधीचं खुराडं

उष्ण प्रदेशातून आलेला माणूस पहिल्या हिवाळ्यात एक चूक हमखास करतो. थंडीला घाबरून तो खुराड्याची फट न् फट बुजवतो. कोंबडीचं अंग मुळात 41 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं. पिसं फुलवून, पाय पोटाखाली घेऊन बसली की कोरड्या थंडीत शून्याखाली 10-15 अंशही ती सहज काढते. तिला नडते ती ओल. रात्रभर श्वासातून आणि शिटेतून निघालेल्या वाफेला बाहेर जायला वाट नसेल, तर ती तुऱ्यावर बसते. मग तुऱ्याची टोकं आधी फिकट पडतात, नंतर काळी होतात.

बांधकामाआधी पालिकेचे नियम बघा: किती कोंबड्या चालतात, कोंबडा ठेवता येतो का, शेजाऱ्याच्या कुंपणापासून किती अंतर हवं. घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. हे सगळं उन्हाळ्यातच उरकायचं, कारण जमीन एकदा गोठली की तिच्यात पहार जात नाही.

आत कोंबडीमागे 4 चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीबंद अंगणात 10, हा साधारण हिशेब. पण बर्फ पडला की त्या दिवसच्या दिवस आत बसतात आणि कंटाळून एकमेकींची पिसं उपटतात, म्हणून आत 5-6 फूट धरलेलं बरं. सहा कोंबड्यांना 6 बाय 6 फूट पुरे. त्याहून फार मोठं बांधू नका. रिकामी जागा त्यांच्या अंगच्या उबेने भरत नाही. माणसाने ये-जा करायचं दार आत उघडणारं ठेवा. बाहेर उघडणारं दार रात्रीत फूटभर बर्फ साचला की हलत नाही. उंबऱ्याला फूटभर उंच आडवी फळी बसवा, म्हणजे आतला भुसा दारात अडकणार नाही.

बसायची दांडी गोल नको. दोन बाय चार इंचांची लाकडी पट्टी रुंद बाजू वर करून बसवा. त्यावर कोंबडी सपाट पायाने बसते आणि बोटं पूर्ण पिसांखाली झाकली जातात. बारीक गोल दांडीवर बोटांची टोकं उघडी राहतात. प्रत्येकीला 8 ते 10 इंच जागा द्या. दांडी अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच हवी, नाहीतर त्या खोक्यात झोपून ती घाण करतात.

आता हवा. झरोके छपराखाली, समोरासमोरच्या भिंतींत, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या किमान फूटभर वर. सगळे मिळून कोंबडीमागे साधारण 1 चौरस फूट उघडं क्षेत्र धरा आणि वादळात वाऱ्याच्या बाजूचे बंद करता येतील अशा झडपा लावा. दांडीच्या उंचीवर मात्र झुळूक नको, कारण वाऱ्याने पिसं उघडली की त्यांच्यात कोंडलेली उबदार हवा निघून जाते. पारख सोपी आहे: वाऱ्याच्या दिवशी दांडीला टिश्यू पेपरची पट्टी बांधा. ती फडफडली तर त्या उंचीवरची फट शोधून बुजवा. सकाळी खिडकीच्या काचेवर आतून पाणी किंवा बर्फाची नक्षी दिसली तर झरोके कमी पडताहेत. आणि गुडघ्यांवर बसून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर तो अमोनिया आहे. उभ्या माणसाला तो सहज कळत नाही.

भिंतींत थर्माकोल घालणार असाल तर आतून प्लायवूड ठोका, कारण उघडं थर्माकोल कोंबड्या टोचून टोचून खातात.

जमिनीवर गादी पद्धत. रंध्याचा कोरडा भुसा 4-6 इंच पसरून सुरुवात करा, आठवड्यातून एकदा खालीवर करा, ओलसर वाटलं की नवा थर टाका. वसंतापर्यंत फूटभर होतो आणि खालचा थर कुजताना थोडी ऊबही देतो. सीडरचा (देवदारासारख्या सुवासिक लाकडाचा) भुसा टाळा, त्याच्या उग्र वासाचा त्यांच्या श्वासाला त्रास होतो.

उबेचा लाल दिवा लावायचा मोह सोडा. कोरडा भुसा, धूळ, फडफडणारे पंख आणि 250 वॉटचा तापलेला बल्ब ही आगीची तयारीच. शिवाय उबेला सवकलेल्या कोंबड्या वीज गेलेल्या रात्री जास्त हाल काढतात.

हिवाळ्यात रोजचं खरं काम पाण्याचं. तळाशी हीटर असलेलं भांडं असेल तर उत्तम. नसेल तर रबरी टोपल्या दोन घ्या. एक घरात, एक कोंबड्यांपुढे, सकाळ-दुपार अदलाबदल. रबर उलटं करून लाथ मारली की बर्फाची वडी सुटते, प्लॅस्टिक तडकतं. पाणी रात्री खुराड्यात ठेवू नका, अंधारात त्या पीत नाहीत आणि वाफ तेवढी वाढते. खाद्य एरवी दिवसाला कोंबडीमागे सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर लागतं, थंडीत वाढतं. संध्याकाळी झोपण्याआधी मूठभर मका फेका, रात्रभर पचत राहतो. पण एकूण खाद्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, लठ्ठपणा येतो. जमीन गोठल्यावर त्यांना खडे मिळत नाहीत, म्हणून ग्रिट (पोटात दाणे दळायला लागणारी बारीक खडी) वेगळी ठेवा.

अंगणाची जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली हवी. षटकोनी जाळी कोंबडीला अडवते, रकून (हाताने जाळी फाडणारा रात्रीचा शिकारी प्राणी) किंवा विझलला (मुंगसासारखा सडपातळ छोटा शिकारी) नाही. विझल इंचभर भोकातून आत शिरतं. तळाशी जाळीची दोन फुटी पट्टी बाहेरच्या बाजूला आडवी पसरून मातीखाली दाबा. वर नायलॉनची जाळी ताणू नका, ओला बर्फ तिला खाली आणतो. उताराचं पक्कं छप्पर करा, वाऱ्याच्या बाजूला पारदर्शक पत्रे लावा, खाली पेंढा टाका. बर्फावर पाय टाकायला कोंबड्या तयार नसतात, पेंढ्यावर लगेच येतात. कोपऱ्यात कोरडी माती-वाळूचं खोकं ठेवा, धुळीत लोळल्याशिवाय पिसं साफ राहत नाहीत.

जात निवडताना आधी तुरा बघा. शँटेक्लेर, वायनडॉट, ब्रह्मा यांचे तुरे लहान, अंगालगत, म्हणून हिमदंश कमी. लेगहॉर्न अंडी भरपूर देते, पण तिचा उंच एकेरी तुरा अशा हवेत आधी जातो.

दिवस लहान झाला की अंडी थांबतात. हवी असतील तर छोटा एलईडी टायमरवर पहाटे लावून एकूण 14 तास उजेड करा. संध्याकाळी लावला तर तो अचानक विझल्यावर कोंबड्या खालीच चाचपडत राहतात. अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा, गोठलं की कवच तडकतं.

तुरा पांढरा पडलेला दिसला तर चोळू नका, शेकूही नका. कोंबडीला कोरड्या, मध्यम उबेच्या जागी आणा. पुन्हा गोठण्याचा धोका संपेपर्यंत ती तिथेच राहू द्या. काळं झालेलं टोक कापू नका, सुकून आपोआप गळतं.