अंगठीतला खडा पडला आणि सराफ म्हणतो, ‘वॉरंटीत बसत नाही’: काय करावं?

खडा पडल्याचं लक्षात आलं की अंगठी लगेच बोटातून काढा आणि छोट्या झिपच्या पिशवीत ठेवा. खडा धरून ठेवणारं टोक वाकलं असेल तर ते चिमट्याने सरळ करू नका आणि ओळखीच्या सोनाराला पॉलिश किंवा दुरुस्ती करू देऊ नका. वाद झालाच तर ही अंगठी आहे तशी असणं हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा.

मग खडा शोधा. खोलीत अंधार करून टॉर्च फरशीला टेकवून आडवी फिरवा, खडा चमकतो. घरातला केर लगेच टाकू नका. व्हॅक्यूम क्लीनर वापरत असाल तर नळीच्या तोंडाला पातळ मोजा रबरबँडने बांधा. बेसिनखालचा ट्रॅप (वळणाचा पाइप), हातमोजे, स्वेटरची बाही आणि मळलेली कणीकही तपासा.

आता अंगठीचे फोटो काढा, मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून, वरून आणि चारही बाजूंनी. बघायचे ते प्रॉंग, म्हणजे खडा धरून ठेवणारी सोन्याची बारीक टोकं. अंगठी चेपलेली असेल, कडेला खोल पोचा असेल आणि त्याच बाजूचं टोक वाकलेलं असेल, तर सराफ ‘आपटली’ म्हणेल आणि त्यात तथ्य असू शकतं. पण अंगठी छान गोल आहे, कुठे पोचा नाही आणि एखादं टोक खड्यावर नीट वळवलेलंच दिसत नाही किंवा बाकीच्यांपेक्षा फारच बारीक आहे, तर जडणीत दोष असण्याची शक्यता मोठी. 22 कॅरेट सोनं मऊ असतं, म्हणून हिरे बहुधा 18 कॅरेटमध्ये जडवतात. मोठा खडा 22 कॅरेटच्या नाजूक प्रॉंगवर बसवून दिला असेल, तर तोही मुद्दा लिहून ठेवा. शक्य असल्यास दुसऱ्या सराफाचं किंवा रत्नपारख्याचं लेखी मत घ्या, मात्र अंगठीला हत्यार न लावता.

कागदांमध्ये बिल, खड्याचं प्रमाणपत्र आणि वॉरंटी कार्ड लागेल. हॉलमार्क आणि एचयूआयडी क्रमांक (दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) सोन्याच्या शुद्धतेबद्दल बोलतात. खडा किती वजनाचा होता, त्याचे किती पैसे घेतले, हे बिल आणि प्रमाणपत्रावरूनच ठरतं.

कार्ड नीट वाचा. ‘आजीवन मोफत देखभाल’ म्हणजे बहुतेक वेळा सफाई, पॉलिश आणि सैल खडा घट्ट करून देणं, हरवलेला खडा त्यात नसतो. ‘दर सहा महिन्यांनी तपासणी आवश्यक’ अशी अट असेल तर त्या भेटींच्या नोंदी काढा. दुकानाने तपासून ‘ठीक आहे’ म्हणून परत दिलेल्या अंगठीतला खडा लवकरच पडला, तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. कार्डात हरवलेला खडा नसला तरी तिथे विषय संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार स्पष्ट किंवा गर्भित (न सांगता गृहीत धरलेल्या) कराराने अपेक्षित असलेल्या दर्जातली उणीव हाही दोषच. रोज घालायला विकलेल्या अंगठीने खडा धरून ठेवायला हवा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुकानात अंगठी ठेवून यायची असेल तर पावतीशिवाय ठेवू नका. पावतीवर वजन, ‘मधला खडा नाही’ आणि प्रॉंगची अवस्था लिहून घ्या. काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा एक अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का मारून घ्या:

‘दि. … रोजी बिल क्र. … ने घेतलेल्या अंगठीतला … कॅरेट वजनाचा खडा दि. … रोजी पडला. अंगठीवर आघाताची खूण नाही, फोटो जोडले आहेत. जडणीतील दोषामुळे त्याच दर्जाचा व वजनाचा खडा बसवून द्यावा किंवा त्याची किंमत परत करावी. नकार असल्यास कोणत्या अटीनुसार, ते 15 दिवसांत लेखी कळवावे.’

शेवटचं वाक्य वगळू नका. तोंडी ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, लेखी नकाराला कारण द्यावं लागतं. उत्तर आलं नाही तर हाच मजकूर ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा.

तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. ती आदेश देऊ शकत नाही, पण दुकानापर्यंत तक्रार पोहोचवते आणि पुष्कळदा तेवढ्यावर मिटतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जावं लागतं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो.

दुकानदार नवा खडा बसवून द्यायला तयार झाला, तर जुन्याच प्रॉंगवर बसवू देऊ नका, ते आधी मजबूत करून मागा. नव्या खड्याचं वजन, दर्जा आणि प्रमाणपत्र क्रमांक लेखी घ्या आणि ‘तक्रार मिटली’ या कागदावर सही अंगठी हातात आल्यावर, खडा भिंगातून बघून झाल्यावरच करा.