ट्रेलरवर मोटारसायकल नेताना टायर-मडगार्डच्या या चुका टाळा

डॅलसहून किंवा फीनिक्सहून निघून कोलोरॅडोतल्या सिल्व्हरटन-युरे घाटात मोटारसायकल चालवायची, पण तिथवरचे शेकडो मैल गाडीत एसी लावून काढायचे, हा बेत शहाणपणाचाच आहे. भारतात अशा वेळी आपण बाइक छोट्या हत्तीत चढवतो आणि टायरची चिंता टेम्पोवाल्यावर सोडतो. अमेरिकेत चार बाय आठ फुटांचा ट्रेलर आपला आपणच ओढायचा. टायर फुटला की लोक ‘चायना माल’ म्हणून मोकळे होतात. माल कधीकधी सुमार असतोही, पण त्याआधी हवा, वेग आणि टायरचं वय तपासून बघा.

अंदाजाने हवा भरणं

गाडीत ३५ पीएसआय, म्हणून ट्रेलरलाही ३५. या हिशेबाने चांगले टायर वाया जातात. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. ४.८०-१२ मापाचा, लोड रेंज बी (लोड रेंज म्हणजे वजन पेलायची प्रत) टायर ७८५ पौंड पेलतो, पण ६० पीएसआय हवा असेल तरच. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त वाकते, तापते आणि शेवटी रबर आतल्या धाग्यांपासून सुटतं. म्हणून छापलेली पूर्ण हवा भरा, तीही टायर थंड असताना. वाटेत मोजलंत तर आकडा वाढलेला दिसेल. ती वाढ उष्णतेची आहे, हवा सोडू नका.

जास्त वजन पेलावं म्हणून काही जण लोड रेंज सी टायर घालतात. त्याला ९० पीएसआय लागतं. पण रिमवरचा साधा रबरी व्हॉल्व्ह, टीआर ४१३, फक्त ६५ पर्यंतचा असतो. टायर नवा आणि व्हॉल्व्ह जुनाच, अशी जोडी लावलीत तर टायर धडधाकट राहून व्हॉल्व्हच जाईल. टायर बदलतानाच हाय-प्रेशर व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि रिमवरची मर्यादाही बघा. गॅस स्टेशनवरचा पंप ९० पर्यंत पोचेलच असं नाही, तेव्हा हवा घरूनच भरून निघा.

छोटं चाक, मोठी घाई

ट्रेलरच्या एसटी, म्हणजे ‘स्पेशल ट्रेलर’ टायरवर वेगाची वेगळी खूण नसेल तर ताशी ६५ मैल ही मर्यादा धरायची. रस्त्यावर ७५ ची पाटी असते, ती तुमच्या टायरला विचारून लावलेली नाही. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५ आहे.

८ इंची रिमवरचा ४.८०-८ टायर जेमतेम १६ इंच उंच असतो. ताशी ६० मैलांना तो मिनिटाला साडेबाराशे फेरे मारतो, तेवढ्यात गाडीचं चाक आठशेच्या आसपास मारतं. आता वजन बघा. होंडाच्या गोल्ड विंगसारखी ८०० पौंडी बाइक आणि ३०० पौंडांचा ट्रेलर धरला, त्यातलं दहा टक्के हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायच्या सांध्यावर गेलं, तर प्रत्येक टायरवर ५०० पौंडांच्या आसपास येतात. रेंज बी मध्ये या टायरची मर्यादा ५९० आहे. कागदावर जमतं, पण ऑगस्टच्या उन्हात हायवेवर पळवायला हातात काही उरत नाही. लांबच्या प्रवासाला ८ इंची चाकांचा ट्रेलर मी तरी नेणार नाही. शिवाय हे गणित बाइक मधोमध उभी असतानाचं आहे. दुसऱ्या बाइकसाठी जागा सोडून पहिली कडेला बांधलीत, तर बराचसा भार एकाच टायरवर जातो.

नक्षी बघून टायर चांगला म्हणणं

वर्षातून दोनदा बाहेर पडणाऱ्या ट्रेलरची नक्षी झिजणार कुठून? तो अंगणात उन्हात उभा राहूनच कडक होतो. टायरच्या बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही कोरी दिसो, बदला.

मडगार्डकडे न बघणं

हा पातळ पत्रा दोन-चार बोल्टांवर टांगलेला असतो. ओझं असताना स्प्रिंगचे पाटे दबून धक्का थोडा तरी गिळतात, पण परतीचा रिकामा ट्रेलर टणाटण उडतो आणि पत्रा थरथरत राहतो. मग तो बोल्टच्या भोकाशी चिरतो. भोकाभोवती रंगावर केसाएवढी रेघ आणि तिच्यातून उतरलेला तांबूस गंज दिसला, तर चीर सुरू झाली समजा. अशा वेळी नुसता बोल्ट आवळला तर ती वाढते. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवा, मागून जाड पट्टी द्या, रुंद वॉशर आणि नायलॉक नट (हादऱ्याने ढिला न होणारा) वापरा. बोल्टचं डोकं चाकाच्या बाजूला हवं. उलटं बसवलं तर आत आलेलं आट्यांचं टोक हादऱ्यासरशी टायरवर ओरखडे काढतं.

मडगार्डला स्ट्रॅपचा हूक अडकवू नका, त्यावर पाय देऊन चढूही नका. ४.८० च्या जागी ५.३० चा टायर घातला असेल तर बाइक चढवून, पाटे दबल्यावर मधली फट बघा. दोन बोटंही जात नसतील तर खड्ड्यात टायर घासणारच. आतल्या बाजूला काळे पट्टे दिसले तर तो घासून झालेलाच आहे.

टायरचं वरचं रबर सुटलं की ते चाबकासारखं फिरून मडगार्ड वाकवतं. घाईत स्पेअर चढवून निघालात तर तोच वाकलेला पत्रा नवा टायर कापतो. आधी पक्कड-हातोड्याने तो बाहेर ओढा, नाहीतर सरळ काढून टाका.

स्पेअर आहे, पाना नाही

अनेक छोट्या ट्रेलरबरोबर स्पेअर मिळत नाही. विकत घेतलात तरी गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना बसेलच असं नाही, आणि टायरची हवा गेल्यावर अॅक्सल इतका खाली येतो की गाडीचा जॅक खाली शिरत नाही. एकदा घरी, टायरची हवा पूर्ण सोडून, चाक बदलून बघा.

निघाल्यावर पहिला थांबा पंचवीसेक मैलांवर घ्या. चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा आणि दोन्ही हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून बघा. कोमट असणं ठीक. एका बाजूला हात ठेववत नसेल तर तिथे काहीतरी बिघडलंय, बेअरिंग तपासल्याशिवाय पुढचा घाट चढू नका.