मालवणात स्नॉर्कलिंग: चौघांचा एका दिवसाचा हिशेब

स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत तळ पाहायला, कितीला नेता, हे मालवणात सगळेच आधी विचारतात. त्याआधी पंचांग उघडावे. पाणी गढूळ असेल तर सर्वांत स्वस्त तिकीटही महागच पडते, कारण खाली धुक्यासारख्या हिरव्या पाण्याखेरीज काही दिसत नाही.

तिथीला पाऊणने गुणले की मुंबईच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. एकादशीला ११ × ०.७५ म्हणजे सव्वाआठ. मालवण दक्षिणेला असल्याने तिथे भरती याच्या थोडी आधी येते. भरतीबरोबर बाहेरचे स्वच्छ पाणी आत येते, तर ओहोटीला, विशेषतः देवबागच्या बाजूला, कर्ली खाडीचे गढूळ पाणी बाहेर पडते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तळाची वाळू ढवळली जाते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी शांत असते, पण तेव्हा भरती पहाटे असते आणि सकाळी ओहोटी लागलेली असते. त्यामुळे दशमी-एकादशी हा बरा मध्यममार्ग. उधाण अजून लागलेले नसते, आणि सकाळी लवकर पाण्यात उतरले तर भरतीही साधते. दुपारी खारे वारे सुटून लाटा उठतात, म्हणून 'अकराला या' म्हणणाऱ्याचे ऐकू नये. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात होड्या बंदच असतात.

आता पैसे. खर्चाचे दोन ढीग करा. एक डोईमागे वाढणारा: स्नॉर्कलिंगचे तिकीट, जेवण, किल्ल्याची होडी. दुसरा माणसे कितीही असोत तेवढाच राहणारा: रिक्षा किंवा गाडी, आणि खास तुमच्यासाठी ठरवलेली होडी. दुसऱ्या ढिगामुळेच दोघांची सहल चौघांच्या मानाने महाग पडते.

पुढचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते धरलेले आहेत. त्या आठवड्याचे दर फोनवर विचारून घाला. स्नॉर्कलिंग ६०० प्रमाणे चौघांचे २,४००. कुडाळ स्टेशनहून रिक्षा जाऊन-येऊन १,८००. नाश्ता ८० प्रमाणे ३२०, माशांची थाळी ३५० प्रमाणे १,४००. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी १०० प्रमाणे ४००, कपडे बदलायची खोली आणि शहाळी २००. एकूण ६,५२०. त्यावर १५ टक्के, म्हणजे साधारण ९८०, वेगळे ठेवा. झाले ७,५००, डोईमागे १,८७५. हाच हिशेब दोघांसाठी मांडला तर डोईमागे जवळपास २,४०० येतात. फरक जवळजवळ सगळा रिक्षाचा. कुडाळहून एसटीने गेलात तर तो बराच मिटतो, पण पहाटेची गाडी स्नॉर्कलिंगच्या वेळेशी जुळते का, ते आधी पाहा. जुळत नसेल तर आदल्या रात्री मालवणात मुक्काम करावा लागेल, आणि मग खोलीचे भाडेही दुसऱ्या ढिगात जाईल. सोबत एकादशी पाळणारा असेल तर थाळीचा आकडा आपोआप उतरतो!

तिकीट ठरवताना चार गोष्टी विचाराव्या: होडीचे भाडे धरून दर आहे का, पाण्यात प्रत्यक्ष किती मिनिटे मिळतात, गाईड एका वेळी किती जणांना सांभाळतो, आणि व्हिडिओचे पैसे वेगळे का. पॅरासेलिंग, बनाना राइड, स्कूबा असे सगळे एकत्र असलेले पॅकेज स्वस्त वाटते, पण त्यात स्नॉर्कलिंगच्या वाट्याला दहा मिनिटे येतात. शिवाय स्कूबा वेगळे: हवेची टाकी पाठीला लावून खाली नेतात. स्नॉर्कलिंगमध्ये तुम्ही पृष्ठभागावर तरंगता, लाइफ जॅकेट अंगावर असते, पोहता येत नसले तरी चालते.

पैसे फुकट जाण्याचे दुसरे कारण मास्क. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर बसला. गळला तर दुसरा मागा. केस आत अडकले की पाणी शिरते. मिशी असली तरी तेच होते. मिशी काढायची नसेल तर काठापाशी अगदी थोडे व्हॅसलीन लावतात, फक्त मास्क सिलिकॉनचा असला पाहिजे, रबर त्याने खराब होते. चष्म्यावर मास्क बसत नाही. नंबरचा मास्क तिथे मिळेलच असे नाही, म्हणून आधी विचारावे. काच धुरकट होऊ नये म्हणून आत थुंकी चोळून विसळतात. किळस वाटली तरी उपाय फुकट आहे. वर्षातून तीन-चारदा जाणाऱ्याने मास्क आणि नळी स्वतःची घ्यावी.

पाण्यात पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट घाला. पाठ भाजत नाही आणि सनस्क्रीनही कमी लागते. होडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, उलटी होऊ लागल्यावर नव्हे. प्रवाळावर उभे राहू नका, तुकडा उचलू नका: प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे.

किल्ल्याची होडी साधारण तासभर थांबते, म्हणून तो स्नॉर्कलिंगनंतर ठेवा. रोख पैसे झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत न्या. जेटीवर रेंज गेली की क्यूआर कोड नुसता फलकच उरतो.